भाऊंचा पहारा : एक प्रकरण अभ्यास

जुलै २०२२ मध्ये माझे वडील, ज्यांना घरीदारी सगळे भाऊ म्हणतात, पुण्याला राहायला आले तेव्हा त्यांचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. पावसात खळ्यातल्या, म्हणजे घरापुढच्या अंगणातल्या, शेवाळावरून पाय घसरला आणि मनगट मोडलं. बरोबरच्या पिशवीत दोन लेंगे, औषधं, भजनांची हाताने लिहिलेली वही आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला झांजांचा जोड होता. "हात मोडलाय आणि झांजा कशाला आणल्या?" असं मी विचारलं. ते म्हणाले, "हात काय जन्मभर मोडलेलो ऱ्हवतलो?"

भाऊ तेव्हा नुकतेच पंच्याहत्तरी पार केलेले. निवृत्त प्राथमिक शिक्षक, कुडाळ तालुक्यातले. आई जाऊन चार वर्षं झाली होती. गावच्या घरात ते आणि त्यांची धाकटी बहीण, माझी आते, अशी दोघंच. आते तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली ती तिथलीच झाली. भाऊ पुण्याला आले आणि आते घर, गाय आणि माड सांभाळायला मागे राहिली. या वाक्यात तेव्हा मला काही वावगं वाटलं नव्हतं.

ज्येष्ठांसाठी उपक्रम आखणं हा माझा रोजचा व्यवसाय आहे, हेही सांगून टाकते. समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि चौदा वर्षं हेच करते आहे. नव्या सभासदाकडून आम्ही एक तक्ता भरून घेतो: प्रकृती, शिक्षण, छंद, आवडी. भाऊंचा तक्ता मी मनातल्या मनात भरून ठेवला होता. भजन, नाटक, वाचन, गप्पा. पुण्यात या चारही गोष्टी आमच्या घरापासून दोन किलोमीटरच्या आत मिळतात. एवढं सोपं प्रकरण माझ्या हाताखाली क्वचितच आलं असेल, असं तेव्हा वाटलं होतं. पुढचे तेरा महिने ते फसत गेलं.

गावातला रिकामा वेळ

आमच्याकडे 'छंद' हा शब्द शाळेच्या निबंधात भेटतो, बोलण्यात नाही. गावात म्हातारा माणूस रिकामा बसलेला दिसतो खरा, पण त्याच्या हातात काहीतरी असतं. लोट्यावर, म्हणजे ओसरीवर, बसून माडाच्या चुडताचे हीर काढायचे, त्यांची केरसुणी बांधायची, सुंभ वळायचं, काजूबिया निवडायच्या. हे काम आहे की विरंगुळा, असं कोणी विचारलं तर त्याला खुळ्यात काढतील. तोंडाने गजाली चालू असतात, येणारा-जाणारा खळ्यात उभा राहून दोन शब्द बोलतो, कोणाची म्हैस व्याली, कोणाचा वाद कुठे अडला हे कळतं. संध्याकाळी तिठ्यावर चहा.

याच्यावर वर्षाचं मोठं चक्र फिरत असतं. श्रावणात देवळात हरिनाम सप्ताह. सात दिवस, सात रात्री भजन अखंड चालायचं आणि त्यासाठी वाडीवाडीला पहारे वाटून दिलेले. आमच्या वाडीचा पहारा रात्रीचा. वर्षानुवर्षं तोच. पुढच्या वाडीचे लोक यायला उशीर झाला तर आधीचे उठत नाहीत, कारण सूर तुटता कामा नये. मग चतुर्थी. गणपती असेपर्यंत रोज संध्याकाळी भजनी मंडळ घरोघर फिरतं. प्रत्येक घरी आरत्या, भजन, आणि शेवटी काळ्या वाटाण्यांची उसळ, पाव, चहा. कार्तिकापासून जत्रा आणि जत्रेला दशावतार.

दशावताराबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण भाऊंचं म्हातारपण समजायला तोच मला उपयोगी पडला. रात्री उशिरा खेळ उभा राहतो. आधी आडदशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, मग वेद पळवणारा संकासुर आणि त्याच्या कोट्या. त्यानंतर मुख्य आख्यान, ते पहाटेपर्यंत, आणि शेवटी दहीकाला फोडून सांगता. या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. कथेचा सांगाडा ठरतो आणि संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. म्हणजे राजाने कुठला दाखला दिला, ऋषीने त्याला काय उत्तर दिलं, पुराणातला संदर्भ बरोबर होता की दडपून दिला, हे तोलायला समोर जाणकार बसलेला लागतो. तो जाणकार म्हणजे पुढच्या रांगेत शाल लपेटून बसलेला म्हातारा. नटांनाही तो माहीत असतो. चूक झाली तर सकाळी ट्रंका बांधताना तो येऊन सांगणार, हे ते धरून चालतात. भाऊ अशा म्हाताऱ्यांपैकी एक. त्यांना नाटक 'आवडतं' असं मी तक्त्यात लिहिलं होतं.

भजनातही तसंच. पन्नाशीपर्यंत ते बुवा होते, म्हणजे पेटीवर बसून भजन चालवणारे. मग आवाज बसला, जागा त्यांच्या विद्यार्थ्याने घेतली आणि भाऊ झांजेवर आले. पण नवा बुवा पेटी उघडण्याआधी भाऊंकडे बघतो. भाऊंनी मान हलवली की सुरू.

पुण्यातले प्रयोग

प्लास्टर निघालं, फिजिओथेरपी झाली, आणि दिवाळीनंतर मी कामाला लागले.

पहिला प्रयोग हास्यक्लब. ही कल्पना मुळात मुंबईची: १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत चार-पाच जणांना घेऊन सुरू केलेली. तिथून ती जगभर गेली आणि पुण्यात तर बागेबागेत रुजली. आमच्या जवळच्या बागेत सकाळी सव्वासहाला साठ-सत्तर जण जमतात. भाऊ चार दिवस गेले. पाचव्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "माका हसू इला तर मी हसतलंय. शिट्टी वाजली म्हणान कशाक हसू?" विषय संपला.

दुसरा प्रयोग ज्येष्ठ नागरिक संघ. आठवड्याला एक व्याख्यान, महिन्याचे वाढदिवस, वर्षातून दोन सहली. व्याख्यानांचे विषय गुडघेदुखी, मृत्युपत्र, सायबर फसवणूक, अधूनमधून ज्ञानेश्वरी. भाऊ शिक्षक माणूस, त्यांना हे रुचेल असं वाटलं होतं. ते जात राहिले, पण मागच्या दाराजवळच्या खुर्चीत बसत. एकदा मी सोबत गेले तेव्हा मला आमच्याच कार्यक्रमांकडे पहिल्यांदा परक्याच्या डोळ्यांनी बघता आलं. व्याख्यान संपल्यावर एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "मला प्रश्न विचारायचा नाही, एक मुद्दा मांडायचाय." मग दुसरे उठले. तिसऱ्यांनी दुसऱ्यांच्या मुद्द्यातली चूक काढली. सगळ्यांचे चेहरे उजळले होते. त्यांच्यासाठी खरा कार्यक्रम तेव्हा सुरू झाला होता.

पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झाली. नगर वाचन मंदिर तर १८४८चं. या शहरात संध्याकाळी धोपटलेला कोट घालून कोणाचं तरी भाषण ऐकायला जाणं आणि नंतर त्याला घरापर्यंत खोडत जाणं, हा दीडशे वर्षांचा विरंगुळा आहे. आम्ही 'ज्येष्ठांसाठी सर्वसाधारण उपक्रम' म्हणून जो आराखडा राज्यभर वाटतो, मीही वाटला आहे, त्यात ठिकठिकाणी हे पुणं भरलेलं आहे. पुढच्या रांगेतल्या त्या गृहस्थांची दशावतारातल्या भाऊंसारखीच तिथे जागा होती. त्यांना चूक काढायचा अधिकार होता. भाऊंना तिथली पुराणं येत नव्हती.

विरंगुळा केंद्रातला कॅरम फार सांगण्यासारखा नाही. ते चांगले खेळले, दोनदा जिंकले, आणि जाणं बंद केलं.

भजन म्हणजे भजन नव्हे

माझी मोठी चूक यापुढची. आमच्या वस्तीजवळ विठ्ठलाचं देऊळ आहे, तिथे रोज हरिपाठ आणि एकादशीला भजन. मी पहिल्याच दिवशी इथे का नेलं नाही, असं मला वाटलं. तक्त्यात पहिली नोंद भजनाची, आणि मी त्यांना कॅरम खेळायला पाठवत होते!

भाऊ धुतलेला सदरा घालून, झांजा घेऊन गेले. तिथलं भजन वारकरी वळणाचं. गळ्यात टाळ घेऊन समोरासमोर दोन रांगा, मध्ये वीणेकरी, पखवाज, 'जय जय रामकृष्ण हरी' आणि रूपाच्या अभंगापासून ठरलेला क्रम. सगळे एकत्र गातात, पावलं टाकतात. आवाज कोणाचा चांगला, कोणाचा बेसूर, याचा हिशेब कोणी करत नाही. ही त्या परंपरेची ताकद आहे, मला ती मनापासून आवडते. आमच्या कोकणातलं भजन बसून व्हायचं. पेटीवर बुवा, त्याच्यामागे कोरस, पखवाजवाला आपल्या बोलांनी बुवाला डिवचणार, गजराला चाल कुठल्या नाट्यपदाची लावली हे ओळखून माणसं दाद देणार. डबलबारी असेल तर दोन बुवा आमनेसामने, एकाने टाकलेल्या कोड्याला दुसऱ्याने अभंगातून उत्तर द्यायचं, आणि मंडप पहाटेपर्यंत हलत नाही. त्यात भक्ती आहे, आणि कुस्तीसुद्धा.

देवळातल्या लोकांनी भाऊंना प्रेमाने टाळ दिला, झांजा बाजूला ठेवायला सांगितल्या. ते तासभर उभे राहिले. घरी येऊन म्हणाले, "बरे लोक असत. पण थंय सगळेच गातत, आयकतलो कोण?"

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आणि कित्येक दिवस त्याचा अर्थ चुकीचा लावत राहिले. त्यांना मान हवा आहे, अहंकार आहे, असं मला वाटलं. नवऱ्याशीही मी तसंच बोलले. निवृत्त गुरुजींचा अहंकार हा आमच्या घरात जुना विनोद आहे.

धाकटे काका मुंबईला परळमध्ये असतात. गिरणीत होते, १९८२च्या संपाने नोकरी गेली, पण परळ सुटलं नाही. तिथे गावातल्या चाकरमान्यांची मिळून एक खोली आहे, पूर्वी त्या खोलीत तीस-तीस जण पाळीपाळीने झोपत. आता झोपायला कोणी नसतं, पण शनिवारी भजन असतं, आणि काका पखवाजावर. भाऊ मुंबईला गेले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. कोकणाने शंभर वर्षं माणसं मुंबईला पाठवली, आणि माणसांबरोबर देव, मृदंग आणि भांडणंही पाठवली. पुण्यात आमची वस्ती तशी दाट कधी झालीच नाही.

फोन

२०२३ला अधिक श्रावण आला, त्यामुळे सप्ताह ऑगस्टच्या शेवटावर गेला. भाऊ सलग दुसऱ्या वर्षी त्याला मुकणार होते. गुडघ्याचं दुखणं, घाटातला पाऊस, आमचं नको म्हणणं. पहाऱ्याच्या रात्री साडेअकराला त्यांचा फोन वाजला. गावचा बुवा होता. "गुरुजी, पयलो गजर खंयचो घेवया?"

गेल्या वर्षी कोणीतरी भलताच गजर आधी घेतला म्हणून पुढच्या वाडीवाल्यांनी वाद घातला होता, एवढंच कारण. भाऊ अंथरुणात उठून बसले. गजर सांगितला. मग चाल सांगितली. मग फोन स्पीकरवर टाकून मांडीवर ताल धरला. पंधरा मिनिटांनी मी पाणी प्यायला उठले तर फडक्यातून झांजा बाहेर आलेल्या, आणि ते अगदी हलक्या हाताने, शेजारी जागे होणार नाहीत अशा बेताने, कडेवर कड टेकवत होते. पहारा रात्री दोनला संपला. दुसऱ्या दिवशी ते दहापर्यंत झोपले आणि उठून त्यांनी तेरा महिन्यांत पहिल्यांदाच दुसऱ्यांदा पोहे मागून घेतले.

चतुर्थीला आम्ही त्यांना घेऊन गेलो. फोंडा घाट उतरल्यावर गाडीतच त्यांची भाषा बदलते हे मला माहीत होतं, पण या खेपेला बसण्याची ढबही बदलली. त्या आठ दिवसांत मी मुलगी म्हणून कमी आणि पेशाने जास्त वागले, त्यांच्या मागे मागे फिरून बघत बसले. भजनाला जाताना मुलं कंदिलाऐवजी आता मोबाइलचा उजेड धरतात, पण धरतात भाऊंच्या पायापुढे. घरात शिरल्यावर यजमान सतरंजीवर त्यांची जागा दाखवत नाही. ती मोकळीच असते. ते चुकलं म्हणून कोणाला थांबवतात, कधी उगाचही थांबवतात, आणि पोरं एकमेकांकडे बघून हसतात आणि पुन्हा सुरुवात करतात. मी ज्याला अहंकार म्हणाले होते तो या गावात एका नेमणुकीसारखा होता. म्हाताऱ्याने ऐकायचं आणि अडवायचं, हे काम होतं. ते कोणाला तरी करावंच लागतं, कारण लिहिलेलं काही नाही.

काही महिन्यांच्या वादानंतर एक सोय ठरली. २०२४पासून भाऊ श्रावण ते कार्तिक गावाला आणि जत्रा उरकली की डिसेंबरात पुण्याला. चुलतभाऊ शेजारीच राहतो, औषधांचं बघतो. खळ्याला खडबडीत फरश्या बसवल्या. राज्यात ऑगस्ट २०२२पासून पंच्याहत्तर वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे, त्यामुळे तालुक्यातल्या जत्रा त्यांनी एकेक करून पालथ्या घातल्या. पुण्याहून कुडाळलाही लाल गाडीनेच जायचा हट्ट धरतात, तो मात्र आम्ही कंबरेकडे बोट दाखवून मोडतो. पुण्यात असतात तेव्हा आता संघातही जातात. दाराजवळच्या खुर्चीतच बसतात, पण कुरकुर नाही. ते आता तिथे पाहुणे आहेत, आणि पाहुण्याला मागे बसायला काही वाटत नाही.

गावाच्या बाजूनेही पाहायला हवं. सिंधुदुर्गची लोकसंख्या २००१च्या जनगणनेत ८,६८,८२५ होती, २०११मध्ये ती ८,४९,६५१ झाली. तरुण गेले. सप्ताहात आमच्या वाडीच्या पहाऱ्याला पूर्वी चाळीस माणसं असत, आता बारा-पंधरा, त्यातली निम्मी त्या रात्रीपुरती मुंबईहून येतात. भाऊंची गरज वाढली त्याचं एक कारण हेही आहे. ही परंपरा भरात असताना अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाची एवढी वाट बघितली गेली असती का, मला खात्री नाही.

आते

इथवरचं लिखाण मी गेल्या वर्षी कामाच्या एका बैठकीत यशस्वी प्रकरण म्हणून मांडलं होतं. टाळ्याही मिळाल्या.

ज्या घरी भजन येतं त्या घरी तीस माणसांची उसळ कोणीतरी शिजवतं. आमच्या घरी ती आते शिजवते. वाटाणे आदल्या रात्री भिजवायचे, नारळ खवायचे, वाटण, चहाची दोन पातेली. भजन रंगात असतं तेव्हा ती चुलीपुढे असते, आणि गजर कुठे चुकला हे तिला आतूनही कळतं. तिने मला एकदा सांगितलं होतं, कुठे चुकला तेही सांगितलं. तिला बाहेर कोणी विचारत नाही. गौरी आल्या की बायका सुपं घेऊन ओवसायला येतात, फुगड्या घालतात. आई होती तेव्हा तिची फुगडी वाडीत नावाजलेली. आते त्या दिवशी माजघराच्या दारात उभी असते. हळदीकुंकवाचं बोलावणं तिला चाळीस वर्षांत आलेलं नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, सरकारनेही इतर गावांनी तो कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. आमच्या गावात त्याची बातमी सगळ्यांनी वाचली.

भाऊंच्या तक्त्यासाठी मी एवढी धडपडले. आतेचा तक्ता मी भरलाच नव्हता.

या जानेवारीत डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती पुण्याला आली, गाय चुलतभावाकडे ठेवून. ऑपरेशनच्या आधी तीन आठवडे होते. मी सहज, खरं तर तिला सकाळी घरात करमत नाही म्हणून, बागेत घेऊन गेले. हास्यक्लब सुरू होता. ती कडेला उभी राहिली. मग कोणीतरी हात धरून तिला गोलात ओढलं. ती हसली. शिट्टीवर हसली, घड्याळावर हसली, दोन्ही हात वर करून 'हो हो हा हा हा' करत हसली, पदर सावरायचं विसरली. दुसऱ्या दिवशी सव्वापाचलाच अंघोळ करून तयार. तिसऱ्या दिवशी माझे जुने बूट मागितले. संक्रांत आली तेव्हा क्लबातल्या बायकांनी एकमेकींना हळदीकुंकू लावलं, तिलाही लावायला हात पुढे केला. ती क्षणभर मागे सरकली आणि मग कपाळ पुढे केलं. घरी येताना कोपऱ्यावर पुसून टाकलं, भाऊ दिसतील म्हणून. मला म्हणाली, "हंय कोण काय इचारणा नाय गो."

भाऊंना तिथे कोणी विचारत नव्हतं, म्हणून ते पाचव्या दिवशी परतले होते.

आते फेब्रुवारीत गावी गेली. परवा तिचा फोन आला. भाऊ यंदा श्रावणात येणार का, असं विचारत होती. येणार म्हटल्यावर थोडं थांबून म्हणाली की दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी पावसाळ्यात केलं तरी चालेल म्हणून सांगितलंय, तर ती तेव्हाच पुण्याला यावी म्हणते, आणि मग लगेच परतायची घाई काय आहे. मी चतुर्थीची आठवण केली. भाऊंचं जेवण, भजनाची उसळ. ती म्हणाली, "तां तू भाऊक इचार."

भाऊ पलंगावर बसून वहीतला गजर नव्या वहीत उतरवत होते. त्यांना अजून विचारलेलं नाही. श्रावण लागायला पाच आठवडे आहेत आणि तिकिटं कुणाचीच काढलेली नाहीत.